रुखवतातले एकवीस मासे

माझ्या लेकीच्या लग्नात मी रुखवतावर एकवीस मासे मांडले. आमचं घर माळकरी आहे.

ही दोन वाक्यं एकापाठोपाठ वाचून ज्यांच्या छातीत धस्स झालं, त्यांना पुढचं काही समजावायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या सासऱ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, सासूबाईंच्याही होती, आणि नांदेडातल्या आमच्या घराच्या उंबऱ्याआत मासा तर सोडाच, अंड्याचं टरफलसुद्धा कधी आलं नाही. अशा घरातल्या बाईनं, जिथं हळकुंडांचा गणपती आणि साखरेची तुळस ठेवतात तिथं मासे मांडावेत? आणि तेही नवऱ्याच्या डब्यातून चोरून?

हाव, मांडले. मी तेव्हा तरुण होते. (सत्तावन्न वर्षांची. आज सत्तरीतून मागं वळून बघते तर ती बाई मला अगदी कोवळी पोर वाटते. गुडघे धड, दात स्वतःचे, अक्कल तेवढी यायची राहिलेली.)

सगळ्याचं मूळ आमच्या ह्यांच्या निवृत्तीत होतं. हे शाळेत भूगोल शिकवायचे. आयुष्यभर पोरांना गोदावरीच्या उपनद्या पाठ करायला लावल्या, आणि निवृत्त झाल्यावर ह्यांच्या ध्यानात आलं की आपण त्या नदीच्या काठी निवांत असे एकदाही बसलेलो नाही. मग रोज सकाळी स्कूटर काढून हे विष्णुपुरीच्या धरणाकडं जायला लागले. पहिला महिना नुसतं पाणी बघितलं. दुसऱ्या महिन्यात पाण्याकडं बघत बसणाऱ्या इतर रिकामटेकड्यांशी ओळख झाली. तिसऱ्या महिन्यात कुरिअरवाला दारात उभा.

"सरांचं पार्सल हाय. स्विमबेट."

"कोणतं बेट?"

"स्विमबेट, काकू. तसंच लिवलंय."

मी सही केली. भूगोलाचा माणूस, मागवला असेल कुठल्या तरी बेटाचा नकाशा! ह्यांनी एवढ्या लांबची बेटं बघायला काढली म्हणून मला थोडा अभिमानही वाटला. मग खोकं उघडलं आणि बेटावरचे सगळे रहिवासी माझ्या मांडीवर सांडले.

मासे! बोटभर लांबीचे, लिबलिबीत, तेलकट. कुणी हिरवा, कुणी चंदेरी, एकाच्या पाठीवर काळे ठिपके. सगळ्यांच्या शेपट्या चहाच्या चमच्यासारख्या पसरट. आणि वास कसला? लसणाचा!

"अहो! हे काय हाय?"

"मासे."

"ते दिसून राहिलंय मला! आपल्या घरात?"

"रबराचे हायेत," हे शांतपणे म्हणाले. "शाकाहारी."

मग मला खुर्चीत बसवून रीतसर तास घेतला. गळाला गांडूळ लावणं म्हणजे जीवहत्या. माळकऱ्याच्या पोराला ते शोभत नाही. म्हणून हा रबराचा मासा; स्विमबेट म्हणजे बेट नव्हे, पोहणारं आमिष. पाण्यात लांब फेकायचा आणि हळूहळू दोरी गुंडाळायची, की तो शेपटी हलवत खऱ्यासारखा पोहतो. मग तळाशी बसलेली मरळ चिडते. (मरळ म्हणजे गोड्या पाण्यातली रागीट सासू, असं ह्यांचं म्हणणं. कुणाकडं बघून म्हणाले ते लिहीत नाही.) ती धावून येते आणि गपकन धरते. गळाच्या टोकाला जे उलटं नख असतं, ते ह्यांनी आधीच पकडीनं दाबून सपाट केलेलं, म्हणजे तिला इजा नको. मरळ काठाला आणायची, डोळे भरून बघायची आणि परत पाण्यात सोडायची. लसणाचा वास कारखान्यातच लावतात म्हणे, मरळीला आवडतो.

"आता यात पाप कुठं हाय, ते दाखव."

मी लई शोधलं. सापडलं नाही. पण यात आमची इज्जत कुठं आहे, तेही सापडेना!

मग गच्चीवर सराव सुरू झाला. या टोकाला हे, त्या टोकाला बादली, आणि मासा बादलीत पडायला पाहिजे. तो बादली सोडून नांदेडभर पडला. एकदा तर कठडा ओलांडून शेजारच्या लक्ष्मीबाईंच्या कुरडयांवर उतरला. लक्ष्मीबाई मूळच्या देगलूरच्या, निम्म्या तेलुगू.

"अय्यो रामा! वहिनी, आभाळातनं मासा पडला की हो!"

मी कठड्यावरून वाकून हात जोडले. "रबराचा हाय लक्ष्मीबाई, कुणाला सांगू नका!"

त्या मासा दाबून बघत म्हणाल्या, "सांगून काय सांगू? शिजायचा न्हाई, तळायचा न्हाई. तुम्ही माळकरी लोक मासेसुद्धा उपासाचेच आणता!"

हे असं दोन वर्षं चाललं. आणि मग लेकीचं, शुभांगीचं, लातूरला जमलं.

मुलगा गुणी, शुभांगीच्या मनात भरलेला. घर शेतीवाडीचं आणि आमच्याहून कडक माळकरी. विहीणबाई, म्हणजे मुलाची आई कमलबाई, उंच, ताठ, बोलायला सुरी. व्याही त्यांच्या शेजारी बसलेले, पण बोलायला म्हणून नव्हे. तीन बैठका झाल्या, त्या गृहस्थांच्या तोंडून "हं" याच्यापलीकडं अक्षर निघालं नाही. मानपान विचारा, "हं." तारीख विचारा, "हं." चहा घेणार का? "हं." मला वाटलं, माणूस फार खोल आहे.

पहिल्याच बैठकीत विहीणबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि सहज म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंनी एक जमलेलं लग्न मोडलं होतं, ठाऊक हाय का? पोरीच्या मामाच्या ताटात माशाचा काटा दिसला म्हणून."

समोर शुभांगी बसलेली. तिचे डोळे म्हणत होते, आई, सांभाळ. आणि शेजारी हे घसा खाकरायला लागले! छत्तीस वर्षांच्या संसारात मला ती खाकर पाठ. हा माणूस आता खरं बोलणार!

ह्यांच्या तोंडातून शब्द फुटायच्या आत मी बोलून टाकलं, "मासा? अहो विहीणबाई, आमच्या घरात मीन राशीचं माणूससुद्धा न्हाई!"

विहीणबाई प्रसन्न झाल्या. "आमच्याकडं तर पोरांना म म माशाचा शिकवत नसतात. म म मक्याचा."

दोघी समाधानानं हसलो. दोघींचे नवरे एकाच वेळी जमिनीकडं बघायला लागले. हे मला तेव्हा दिसलं होतं, पण उमगलं नाही. (अक्कल यायची होती, म्हटलं ना.)

घरी आल्यावर हे म्हणाले, "सांगून टाकायला पाहिजे होतं. रबराचेच तर हायेत."

"अक्षता पडेस्तोवर धरणाचं नाव काढायचं न्हाई! पोरीच्या सुखाचा प्रश्न हाय. तो डबा माळ्यावर टाका."

बिचाऱ्यांनी टाकला. तीन महिने धरणाकडं फिरकले नाहीत. पण संध्याकाळी कधी कधी शिडी लावून माळ्यावर चढायचे, डबा उघडून नुसतं बघायचे आणि उतरायचे. मी बघून न बघितल्यासारखं करायची. आज ते आठवलं की मला माझ्याच पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

आता रुखवताकडं वळते. आमच्या गल्लीत माझ्या रुखवताचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मीच सगळ्यांना सांगितलेलं होतं. शुभांगीसाठी मी असं काही करायचं ठरवलं की लातूरकरांनी तोंडात बोट घालावं. काय करावं बरं? तर विष्णुपुरीचं तळं! थर्माकोलचं! मधोमध निळं रंगवलेलं पाणी, काठाला घाट, घाटावर देऊळ, दोन राजहंस, एक होडी. लक्ष्मीबाई आणि मी चार आठवडे थर्माकोल कोरत होतो. माझ्या केसांत, वरणात, देवघरात, सगळीकडं पांढरे दाणे. आणि या तळ्यासाठी मी खास उखाणा रचला होता. रुखवताचा पडदा सारताना विहिणीनं विहिणीला टोमणा मारायचा, ही तर रीतच:

"विष्णुपुरीच्या तळ्यात मासे एकवीस,
लातुरात असं पाणी दाखवा, अन् घ्या बक्षीस!"

लातूरच्या माणसापुढं पाण्याचा विषय काढू नये, हे शाळकरी पोरही सांगेल. पण मला उखाणा इतका आवडला होता की झोपेतही म्हणत होते.

अडचण एकच. उखाण्यात एकवीस मासे होते, तळ्यात एकही नव्हता. मी कापसाचे केले, ते रताळ्यांसारखे झाले. कणकेचे केले, त्यांना मुंग्या लागल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी भर दुपारी सामान कार्यालयात न्यायचं, टेम्पो दारात उभा, आणि लक्ष्मीबाई रताळ्यांकडं बघून म्हणाल्या, "वहिनी, एकवीसला बक्षीसच जुळतंय, दुसरं काही बसत न्हाई. मासे तर पाहिजेतच."

मी माळ्याकडं बघितलं. लक्ष्मीबाईंनी माळ्याकडं बघितलं.

"न्हाई हो वहिनी!"

"कोण ओळखणार हाय? शोभेचे वाटतील! अन् डबा काय, उद्या संध्याकाळी परत जागेवर!"

म्हणजे बघा, तीन महिने ज्या डब्यापायी मी नवऱ्याला शपथा घातल्या, तो डबा मीच शिडीवर चढून खाली आणला. मोजून एकवीस मासे निवडले. काहींच्या पोटात गळ अडकवलेले होते, ते एकेक करून काढले. निदान मला तरी वाटलं की सगळे काढले. मग कार्यालयातल्या खोलीत रुखवताच्या टेबलावर तळं ठेवलं, मासे अर्धे पाण्यात आणि अर्धे वर दिसावेत म्हणून थर्माकोलला खाचा पाडल्या आणि एकेक मासा घट्ट बसवला. काय सांगू तुम्हाला! चंदेरी, हिरवे, ठिपक्यांचे, शेपट्या वर! लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. (लसणाचंही असेल.) पडदा लावला, खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली.

मे महिन्याचं नांदेड. बंद खोली. पत्र्याचं छप्पर.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरची मंडळी रुखवत बघायला आली. पुढं विहीणबाई, मोरपंखी पैठणीत. त्यांच्यामागं चाळीस बायका. शेवटी जोधपुरी कोटात घामानं निथळणारे व्याही आणि आमचे हे. मी पडद्याची दोरी हातात धरली, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला. बक्षिसावर जोर दिला. आणि पडदा सर्रकन ओढला.

चाळीस बायका माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिल्या.

मी मागं वळून बघितलं.

तळं बसलं होतं. बसलं म्हणजे खचलं! ते रबर थर्माकोलला खातं, हे मला कुठं ठाऊक? रात्रभर माझ्या एकवीस माशांनी विष्णुपुरी खाल्लं होतं. जिथं मासा तिथं भोक, भोकात चिकट निळी खळ, आणि त्यात तो मासा निवांत लोळलेला. देऊळ घाटावरून घसरून होडीत बसलेलं. एका राजहंसाची मान दुसऱ्याच्या पाठीत वितळून गेलेली. आणि सगळ्यावर घमघमाट लसणाचा!

विहीणबाई दोन पावलं पुढं आल्या. वाकून बघितलं. "पाणी कुठं हाय ह्यात? आटलं की! अन् लातूरला हसून राहिल्या होत्या तुम्ही?"

मागच्या चाळीस बायकांत खसखस पिकली.

"अन् हा वास कशाचा?"

"चटणीच्या बरण्या हायेत ना बाजूला! फुटली असेल एखादी!"

"अन् हे?" विहीणबाईंनी बोट दाखवलं. "मासे हायेत का हे?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. गॅदरिंगमध्ये आपल्या वर्गातली पोरं दुसऱ्याच शाळेच्या नाचात दिसावीत, तसा ह्यांचा चेहरा झालेला. पलीकडं दारात मुंडावळ्या बांधलेली शुभांगी. विहीणबाईंच्या सासूनं मोडलेलं ते लग्न माझ्या डोळ्यांपुढून गेलं. तो मामा, ते ताट, तो काटा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं:

"मत्स्यावतार!"

"काय?"

"विष्णूचा पहिला अवतार! आमच्यात पद्धत हाय. लेकीच्या रुखवतात एकवीस मत्स्यावतार ठेवतात. शकुनाचे. सासूबाईंपासून चालत आलंय!"

स्वर्गात सासूबाईंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. पण विहीणबाईंचा चेहरा मऊ झाला. त्यांनी पदर डोक्यावर घेतला, चाळीस बायकांनी पदर डोक्यावर घेतले आणि विहीणबाईंनी रबराच्या माशांना वाकून नमस्कार केला! जिंकलो, असं मला वाटलं. तेवढ्यात त्या सरळ झाल्या आणि वळल्या. आणि तळंही वळलं.

मी म्हटलं ना, गळ सगळे काढले असं मला वाटलं होतं. त्या ठिपक्यांच्या हिरव्या माशाच्या पोटात एक राहिला होता, टोक पाठीतल्या रबरात लपलेलं. नमस्काराला वाकताना पैठणीचा पदर त्या माशावर टेकला होता. आता विहीणबाई निघाल्या, पदर निघाला, पदराबरोबर मासा निघाला, माशाला चिकटलेला थर्माकोल निघाला आणि बघता बघता निम्मं विष्णुपुरी धरण टेबलावरून उतरून त्यांच्या मागं चालायला लागलं. विहीणबाई पुढं, राजहंस मागं!

"अगं बया! कोण ओढतंय?"

"हलू नका विहीणबाई!"

"पैठणी! माझी पैठणी फाटली!"

कुणी कात्री आणायला धावलं. मी मासा धरून ओढायला लागले, पदराचा एक जरीचा धागा ताणला गेला. विहीणबाईंनी अशी किंकाळी फोडली की बाहेर वाजंत्रीवाल्यांना वाटलं मुहूर्त झाला, त्यांनी सनई सुरू केली!

आणि तेव्हा, त्या गोंधळात, व्याही पुढं आले.

न बोलता त्यांनी माझा हात बाजूला केला. डाव्या हाताच्या दोन बोटांत मासा धरला. उजव्या अंगठ्यानं गळाची मान खाली दाबली, जराशी मागं सरकवली, आणि गळ जसा गेला तसा बाहेर आला. एक धागा तुटला नाही. मग त्यांनी गळ उजेडाकडं धरला, टोकावरून अंगठा फिरवला आणि आमच्या ह्यांच्याकडं बघून हळूच बोलले. तीन महिन्यांतलं पहिलं वाक्य:

"नख दाबलेलं हाय. चांगलं केलं, सर."

आमचे हे तेवढ्याच हळू म्हणाले, "मरळीला लागू नये म्हणून."

"थर्माकोलात ठेवत नसतात हे. खातंय."

"मला ठाऊक हाय. हिला न्हवतं."

दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले. विष्णुपुरीचं पाणी आणि लातूरकडच्या मांजरा नदीचं पाणी तिथं एकमेकांना भेटलं म्हणा ना. सनई चालू होतीच.

विहीणबाईंचं सगळं लक्ष पदरावर. "बाई बाई, तुम्ही कधीपासनं इतके हुशार झाले?"

"शेतात बाभळीचे काटे काढतो की," व्याही म्हणाले. आणि परत "हं."

लग्न लागलं. अक्षता पडल्या. शुभांगी लातूरला गेली. मी घरी येऊन रडले, आणि मग डोळे पुसून मासे धुवायला बसले, कारण खळ वाळली की निघाली नसती. शिकेकाई लावून एकेक मासा घासत होते. हे शेजारी पाटावर बसले. मी खाली मान घालून म्हटलं, "बोला आता. काय बोलायचं ते बोलून घ्या."

हे टॉवेलनं एकेक मासा पुसून डब्यात ठेवत राहिले. शेवटी म्हणाले, "बसवले मात्र छान होते. पोहल्यासारखे दिसत होते."

तो डबा आजही कपाटात आहे. ह्यांचे गुडघे आता धरणाच्या उतारावर जाऊ देत नाहीत. दर दिवाळीला मी मासे बाहेर काढते, पुसते, हे नावानिशी सांगतात की कोणत्या माशानं कोणती मरळ आणली, आणि मी दरवर्षी नव्यानं ऐकते. तेव्हाही मोजले होते, आताही मोजते. रुखवतातले वीसच भरतात. एकविसावा, तो हिरवा, ठिपक्यांचा, त्या दिवशी धुताना सापडलाच नव्हता. मला वाटलं खळीबरोबर वाहून गेला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "असेल कुठंतरी पाण्यात." आणि उगाच हसले.

लग्नानंतर महिन्याभरानं, एका दुपारी, लातूरहून फोन आला. शुभांगीचा नव्हता. विहीणबाईंचा होता.

"विहीणबाई, बसून हायेत ना?"

मी बसले.

"ह्यांचा लग्नातला कोट धुवायला काढला परवा. खिशात काय सापडलं असेल?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मत्स्यावतार. अन् ह्यांचा काळा कंगवा. दोघं विरघळून एक झालेत. कंगव्याचे दात माशाच्या पोटात."

माझ्या डोळ्यांपुढं शुभांगी, हातात बॅग, नांदेडच्या गाडीत.

"मी देवघरात नेऊन ठेवायला निघाले होते तो मासा. हे आडवे आले. म्हणे, तिथं नको. कामून नको? तर बोलेचनात. मग मी जेवायला वाढलंच न्हाई. संध्याकाळी बोलले. बारा वर्षं दर रविवारी शेतावर चाललो म्हणून भाकरी बांधून नेत होते माझ्याकडनं, अन् बसत होते मांजराच्या काठाला. अशी एक पेटी हाय ह्यांची. सालगड्याच्या खोलीत. रबराची."

"विहीणबाई," मी कशीबशी म्हटलं, "माझं चुकलं. पहिल्याच दिवशी खरं सांगायला पाहिजे होतं. शुभांगीला त्यातलं काही…"

"तिला काय करायचंय? पोरगी गुणाची हाय. कालच ह्यांना विचारत होती, मामंजी, आमच्या बाबांना एकदा मांजराच्या पाण्यावर नेता का म्हणून. ह्यांना रविवारी पाठवून देते सरांना अन् तुम्हाला आणायला, भाकऱ्या मी चौघांच्या बांधते."

माझा जीव भांड्यात पडला. मी काहीतरी बोलणार, उपकार मानणार, तेवढ्यात त्यांनी मला थांबवलं. फोनमधून तो सुरीसारखा आवाज अजून जसाच्या तसा ऐकू येतो:

"पण एक ध्यानात ठेवा, विहीणबाई. पुन्हा कधी खोटं मांडायचं झालं, तर पाटावर मांडत जा. थर्माकोलावर टिकत न्हाई."